तीन टाक्या, तीन ऑक्टेन आणि एक पत्रा

सापडलं मंडळी, अखेर सापडलं! सहा आठवडे ज्या नॉकने (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकर) माझ्या गाडीच्या नव्या टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) सगळा आनंद हिरावून घेतला होता, तो काल रात्री साडेअकराला बंद झाला. टर्बो तोच, मॅप (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग्ज) तोच, टाकीत पेट्रोलही तेच. सरकवला तो फक्त डाउनपाइपचा (टर्बोमागच्या धुराच्या नळीचा) क्लॅम्प, तोही जेमतेम बोटभर.

मागचे दोन अपडेट वाचलेल्यांना दुखणं माहीत आहे. टर्बो बसला, स्पूल (टर्बोने दाब धरणं) जुन्यापेक्षा 300 आरपीएमने उशिरा आला (मी 500 धरून चाललो होतो, म्हणून खूश होतो), आणि पहिल्याच लॉगमध्ये (सेन्सरच्या नोंदीत) 4,100 ते 4,500 आरपीएमच्या पट्ट्यात ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) नॉक समजून टायमिंग मागे ओढलं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकली. चारही सिलिंडरचं, 6 अंशांनी. गाडी तिथे अक्षरशः श्वास अडकल्यासारखी करायची, आणि 4,600 ला कुणी हात सोडल्यासारखी पुन्हा सुटायची.

संशय पेट्रोलवर जाणं साहजिक होतं. बूस्ट (टर्बोचा दाब) 1.3 बार, मॅप 95 ऑक्टेनसाठी लिहिलेला (ऑक्टेन जितकं जास्त, तितका पेट्रोलचा नॉकला विरोध जास्त), दिवस उन्हाचे. टाकी तळाला जाऊ दिली आणि 98 भरलं. पहिल्या भरण्यात जुनं 95 मिसळलेलं असतं, शिवाय ईसीयूने शिकलेली करेक्शन्स निवळायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या भरण्यानंतरच डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लॉग घेतला. 6 अंश. प्लग एक पायरी थंड घेतले, गॅप 0.75 वरून 0.6 मिमी केला. 6 अंश. क्रँककेसमधून इनटेकमध्ये येणारी तेलाची वाफ मिश्रणाचं ऑक्टेन खाली ओढते, म्हणून ती अडवणारा कॅच कॅन बसवला. त्यात दोन चमचे काळपट पाणचट तेल जमा झालं, ते पाहून फार बरं वाटलं, पण लॉगमध्ये पुन्हा 6 अंश.

मग बूस्ट 1.1 वर उतरवला. साडेपाच.

शेवटचा उपाय म्हणून रेसचं 102 आणलं. शिसं नसलेलंच घेतलं, कारण शिसं लॅम्डा (ऑक्सिजन) सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्हींचं वाटोळं करतं. त्या तिसऱ्या टाकीचा लॉग उघडला आणि आधीच्या दोन लॉगवर ठेवून पाहिला. तिन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. तोच 4,100, तेच 6 अंश.

इथे गुंता सुटायला लागला. खरा नॉक म्हणजे ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटणं. ऑक्टेन सात अंकांनी चढवलं, बूस्ट घटवला, तर तो काही ना काही उत्तर देणारच. तो सरकेल, कमी होईल, वरच्या आरपीएमला जाईल. हा जागचा हलत नव्हता. शिवाय खरा नॉक आधी सगळ्यात तापलेल्या एखाददुसऱ्या सिलिंडरला धरतो. माझे चारही एका सुरात मागे येत होते. हे दोन्ही पुरावे पहिल्या आठवड्यापासून लॉगमध्ये होते.

नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकला बोल्टने आवळलेला पीझो मायक्रोफोन. तो ऐकतो ती वारंवारता बोअरवर (सिलिंडरच्या व्यासावर) ठरते. 900 ला पाय गुणिले मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. माझ्या 82.5 मिमी बोअरला ते साधारण 6.9 आहे. त्याच सुमाराला दुसरं काही खणखणलं, तर ईसीयूच्या लेखी तोही नॉकच. प्रश्न एवढाच उरला की खणखणतंय काय.

आधी सेन्सरचा बोल्ट तपासला. 20 न्यूटन-मीटर हवा, तितकाच होता. इथे एक सांगतो: छोट्या टॉर्कसाठी छोटा टॉर्क रेंच वेगळा घ्या. अर्ध्या इंची ड्राइव्हचा मोठा रेंच या आकड्याला भरवशाचा नसतो, आणि हा सेन्सर कमी-जास्त आवळला तर त्याचं ऐकणंच बदलतं.

मग जुना उपाय केला. वीतभर तांब्याची नळी घेतली, एक टोक हातोडीने चपटं करून भोक पाडलं आणि ब्लॉकच्या बोल्टखाली आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी होज लावून ती बॉनेटखालून आत आणली आणि कानावर घालायच्या मफच्या एका वाटीत खुपसली. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, पण या नळीवर माझा महागड्या डेटा लॉगरपेक्षा जास्त विश्वास बसलाय. डायनो चालवणाऱ्याला पुल (पूर्ण थ्रॉटलची धाव) घ्यायला सांगून मी शेजारच्या सीटवर मफ दाबून बसलो. खरा नॉक काचेवर खडा पडल्यासारखा सुटासुटा टकटकतो. मला 4,100 ला ऐकू आली ती सलग झर्रर्र, डब्यात अडकलेल्या माशीसारखी. 4,500 ला ती चाकूने कापल्यासारखी थांबली. तो आवाज पत्र्याचाच होता.

गाडी वर घेतली. डाउनपाइपच्या वाकाशी हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) दुमडलेल्या कडेवर नखाएवढा डाग होता, आजूबाजूच्या करड्या पत्र्यात आरशासारखा चकचकीत. समोर पाइपावर तसाच दुसरा. गाडी उभी असताना दोघांमध्ये 4 मिमी फट दिसते, म्हणून मी दोनदा पाहूनही फसलो. लोड आला की इंजिन माउंटवर कलतं, फट संपते, आणि 4,100 ला पत्र्याला त्याचा सूर सापडतो. डाउनपाइपचा ब्रॅकेट वेल्डिंगमध्येच तिरका बसलेला आहे. पुरवठादाराचं नाव घेत नाही, पण नवा पाइप आला की लावण्याआधी मूळ पाइपाशेजारी सपाट जमिनीवर ठेवून ब्रॅकेटची भोकं जुळतात का ते नक्की बघा. क्लॅम्प सैल केला, पाइप फिरवला, 12 मिमी फट सोडून आवळला आणि पत्र्याची कड आत वळवली.

त्यानंतरचा लॉग मी चार वेळा उघडून पाहिलाय. 4,100 ते 4,500 मध्ये शून्य. टॉर्कची रेषा पहिल्यांदाच सलग.

गंमत अशी की खोटा नॉक गेल्यावर खरा दिसू लागला. 95 वर, 1.3 बारला, 5,500 च्या पुढे तिसऱ्या सिलिंडरला एकट्याला 3 अंश. 98 भरलं की तो पाऊण अंशावर येतो. पेट्रोलला उत्तर देणारा नॉक! म्हणजे आता ऑक्टेनची निवड आकड्यांवर करता येईल. 98 कायम ठेवतोय. 102 नको. या बूस्टला 98 वरच टायमिंग जवळपास पूर्ण मिळतंय, त्यापुढचं ऑक्टेन नुसतं टाकीत पडून राहतं.

इतरांचे मॅप उतरवून घेणाऱ्यांनी पंपावरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी बघा. अमेरिकी पंपावरचं 93 म्हणजे रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी, आपण ज्याला 98 रॉन म्हणतो साधारण तेच. रॉन 600 आरपीएमवर मोजतात, मॉन 900 वर आणि बरीच गरम हवा देऊन. म्हणून इनटेक तापलेलं असताना नुसता रॉन दिलासा देत नाही. आकड्यामागचं रसायन किती मोठं असतं हे 1988 च्या होंडा आरए168ई फॉर्म्युला वन इंजिनाने दाखवलं. इंधनात 84 टक्के टोल्युइन आणि बाकी एन-हेप्टेन, बूस्ट 2.5 बारवर (बाहेरच्या हवेचा दाब धरून) बांधलेला, ऑक्टेन 102. ऑक्टेनचा आकडा रुळण्याआधी हॅरी रिकार्डो यांनी नॉक मोजायला टोल्युइनचंच माप धरलं होतं, हे आठवलं की मला त्या इंजिनाबद्दल आणखी आपुलकी वाटते.

आता बेत. मागच्या वेळी म्हणालो होतो की नॉक सुटला की सरळ 1.5 बार. तो विचार बदलला. टर्बोच्या कंप्रेसर मॅपवर (कोणत्या दाबाला किती हवा, किती कार्यक्षमतेने, याच्या आलेखावर) बिंदू टाकून पाहिले. 1.5 बारला प्रेशर रेशो (टर्बोनंतरच्या आणि आधीच्या दाबाचं गुणोत्तर) 2.5, आत येणारी हवा 30 अंश सेल्सिअस. कार्यक्षमता 72 टक्के असेल तर टर्बोतून हवा 155 अंशांच्या आसपास बाहेर पडते, 62 टक्क्यांना 175 च्या वर. जुना टर्बो इथे मॅपच्या कडेला धापा टाकत होता, नवा मधल्या बेटावर आहे, म्हणजे टर्बोची निवड बरोबर ठरली. पण इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा रेडिएटर) अजून मूळचा, आणि लागोपाठच्या तिसऱ्या पुलला इनटेक 60 वर जातं. तेच 40 वर ठेवलं तर त्याच बूस्टला हवा 6 टक्के जास्त भरते, दोन लिटरला 6,000 आरपीएमवर मिनिटाला 30 पौंडांच्या जागी 32. पौंडामागे 10 हॉर्सपॉवरचा आपला ढोबळ हिशोब लावला तर टर्बोवर जास्त भार न टाकता 20 घोडे, आणि नॉकपासून लांब. तेव्हा आधी इंटरकूलर.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. इंटरकूलर यायला वेळ आहे, तोवर ई30 (30 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) का करून बघू नये? इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हा गारवा थेट सिलिंडरमध्ये मिळतो. 50 लिटरच्या टाकीत ई10 वर साधारण 13 लिटर ई85 टाकलं की ई30 जमतं. अडचण पंपाची. ई30 ला ई10 पेक्षा इंधन 8-9 टक्के जास्त लागतं, आणि माझा हाय प्रेशर पंप आत्ताच 6,200 ला 200 बारवरून 185 वर घसरतो. म्हणजे आधी 5,800 पर्यंतचाच पुल, रेल प्रेशरवर (इंजेक्टरआधीच्या इंधनाच्या दाबावर) नजर ठेवून. आणि ई85 मध्ये थंडीच्या दिवसांत इथेनॉल बरंच कमी असू शकतं, तेव्हा प्रत्येक कॅनचा नमुना खुणांच्या नळीत पाण्याबरोबर हलवून, खालचा थर किती वाढला ते मोजूनच टाकीत. नळी आणली आहे. शनिवारी पहिला कॅन तपासतो, रेल प्रेशरचा लॉग पुढच्या अपडेटमध्ये.