तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीला साड्या किती लागतात?

जुन्या सुती साड्यांचं गाठोडं घरात असलं की हा प्रश्न हमखास येतो. आणि त्याला जोडूनच दुसरा: मागच्या वेळी शिवलेल्या गोधडीत धुतल्यावर गोळे झाले, ते का? दोन्हींचं उत्तर सुई हातात घेण्याआधीच्या कामात आहे. टाका थोडा वाकडा गेला म्हणून गोधडी फाटत नाही. कापड चुकलं किंवा थर नीट अंथरले नाहीत, तर मात्र पहिल्याच धुण्यात ती बिघडते.

आधी हिशेब. एका माणसाच्या पांघरुणाला ५ फूट रुंदी आणि साडेसहा फूट लांबी पुरते. नऊवारी म्हणजे २७ फूट. पन्हा ४५ इंच धरू, तुमच्या साडीचा मोजून घ्या. दोन्हीकडचे काठ ३-३ इंचांचे धरून उभे कापून काढले की ३९ इंच उरतात. मग ५-५ फुटांचे तुकडे करा. पाच निघतात आणि २ फूट उरतं. दोन तुकडे लांब बाजूंनी जोडले की झाला ५ फूट बाय ७८ इंचांचा एक थर. म्हणजे दोन नऊवारींत दहा तुकडे, पाच थर. नेहमीच्या थंडीला एवढं पुरे. सहावारी साधारण १८ फुटांची, तिचे तीनच तुकडे होतात. म्हणून त्या चार घ्या, सहा थर मिळतील. सात-आठ थरांच्या पुढे जाऊ नका, सुई तिरकी शिरते आणि खालच्या थरात टाका धरतच नाही. शिलाईत आणि आखडण्यात तीन-चार इंच जातात, तेही धरून चला.

कापलेले काठ जपून ठेवा. एका नऊवारीचा एक काठ २७ फूट लांब, गोधडीचा घेर २३ फूट, त्यामुळे गोट (कडेभोवतीची पट्टी) लावायला तो पुरतो. आतल्या थरांत मात्र काठ नको. तो घट्ट विणीचा असतो, दोन-तीन एकावर एक आले की सुई मोडते. फॉलही उसवून काढा.

आता निवड. साडी नेसण्याजोगी असेल तर ती नेसा, गोधडीसाठी नको. नवं कापड आणून ‘जुन्यातून नवं’ म्हणत गोधडी करणं तर मला अजिबात पटत नाही. विरलेल्या साडीतून दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, त्याचा कडक मणी होतो. असा धागा असलेली साडी बाजूला ठेवा: ती घाम टिपत नाही, आणि पाचांतला तो एक थर घसरला की बाकीच्यांना सुरकुत्या पडतात. सुती इरकल असेल तर पदर कापून वेगळा काढा, अंग सुती असलं तरी पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. मग पाचाऐवजी चार तुकडे निघतील. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. रंग लागला तर आधी वेगळं धुऊन घ्या. शेवटी प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. विरलेला भाग आतल्या थरांत जाऊ दे, वर आणि खाली धडधाकट कापड हवं.

गोळे होतात ते याच टप्प्यावरच्या चुकीमुळे. आत स्वेटर, टी-शर्ट, सुट्या चिंध्या भरल्या जातात. कडेपर्यंत न पोचणारा तुकडा दोन ओळींच्या मधे मोकळा राहतो, ओला होऊन जड झाला की सरकतो आणि दुमडून बसतो. लहान तुकडे वापरायचेच असतील तर ते आधी जोडून पूर्ण मापाचा थर करा. थरांचे जोडही एकाखाली एक येऊ देऊ नका. एका थराचा जोड मधोमध असेल तर दुसऱ्याचा वीतभर सरकवा, नाहीतर तिथे वळ उठतो आणि झिज तिथूनच सुरू होते.

अंथरायला स्वच्छ फरशी हवी. खालचा थर उलटा, वरचा सुलटा. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. मग कच्चा टाका: आधी मधोमध उभा-आडवा, त्यानंतर वीत-वीत अंतरावर. कडेपासून सुरुवात केलीत तर जादा कापड मधे साचून चुणी पडते, आणि ती पुढे कशानेच जात नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी (त्यांची गोधडी) शिवतात ती मात्र कडेपासूनच, तुकडे लावत, घेर धरून आत मध्याकडे. कोपऱ्यांना त्या घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती रीत पाहत पाहतच शिकावी लागते. पहिल्या गोधडीला कच्चा टाकाच बरा.

पुढचं काम धावदोऱ्याचं. ओळींत १ इंच अंतर, एका इंचात तीन टाके. म्हणजे सुमारे चौदा हजार टाके होतात, आणि दुहेरी ओवला तर जवळपास ३०० मीटर दोरा लागतो. दोरा जाड सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो, ओढ पडली की तो तुटत नाही, कापड फाटतं. एका वेळी हातभरच ओवा आणि मेणबत्तीवरून ओढून घ्या, गुंता होत नाही. बोटात अंगुस्तान हवंच. दाभण नको, त्याची भोकं बुजत नाहीत. टाका ओढून आवळू नका. घरच्या मशीनवर शिवता येते, पण सुईजवळ कापड दाबून धरणारी पायपट्टी वरचा थर पुढे ढकलते, म्हणून टीप लांब ठेवा आणि कच्चे टाके दुप्पट जवळ घाला. गोट शेवटी.

तयार गोधडी साधारण दीड किलोची होते, भिजली की दुपटी-तिपटीने जड. टबात पायाने तुडवून धुवा, पिळू नका, दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, म्हणजे वजन एकाच घडीवर येत नाही. वरचा थर विरला की ती उसवू नका. त्यावर एका साडीचा नवा थर घाला आणि जुन्या ओळींच्या मधून पुन्हा धावदोरा घाला.