चढावर लुकलुकणारा चेक इंजिनचा दिवा: घाटात जाण्याआधी हे वाचा

चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला स्कॅनर लावून लगेच "सेन्सर गेलाय" म्हणतोय, तर चावी परत घ्या आणि पुढचं गॅरेज बघा. घाट चढून अजून अंग दुखतंय, तरी हे आजच लिहितोय. उद्या कुणीतरी त्याच अवस्थेत वर निघेल.

सपाटीवरचा प्रवास उत्तम झाला. पायथ्याशी येता येता दिवा लागला, स्थिर. उभ्या गाडीत स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, थोडी थरथर होती, एवढंच. तिथल्या गॅरेजात स्कॅनरवर कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक, निघाला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. मेकॅनिकनं सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा विझला. सेन्सरचे पैसे घेतले, मजुरीचे वेगळे.

अर्ध्या चढावर दिवा पुन्हा लागला आणि या वेळी लुकलुकत. गाडी भरलेली, रस्ता अरुंद, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की धक्के, मागे रांग. हा फरक पक्का लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल, तापमान आणि ऑइल ठीक असेल, तर सावकाश चालवत मुक्काम गाठता येतो. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन पेटतच नाही; न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो आतून वितळू शकतो. गाडीतल्या महागड्या भागांपैकी तो एक. पाय लगेच उचला आणि पहिली मोकळी जागा दिसेल तिथे थांबा. माथा जवळ आलाय म्हणून रेटू नका.

थांबलो तिथे एका चालकाकडे छोटा ब्लूटूथ स्कॅनर होता. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावला आणि मोबाईलवर पी०३०२ दिसला: दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. आता सगळा उलगडा झाला. पेटत नसलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो. सेन्सरला तो दिसतो आणि तो कॉम्प्युटरला "हवा जास्त आहे" असं कळवतो. सेन्सर खरं बोलत होता, आणि मेकॅनिकनं त्यालाच काढून टाकलं! कोड लक्षण सांगतो, कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही.

कोड पुसणं तर त्याहून वाईट. दिवा लागतो त्या क्षणाचा वेग, आरपीएम (इंजिनचे फेरे), लोड (इंजिनवरचा ताण), इंजिनचं तापमान हे सगळं कॉम्प्युटर साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दिवा चढावर लागला की स्लोवर, थंड इंजिनवर की गरम, हे त्यातूनच कळतं. पुसताना तेही जातं. म्हणून आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, मगच कुणाला हात लावू द्या. पुसल्यावर विझलेला दिवा हा दुरुस्तीचा पुरावा नाही. लोड आल्याशिवाय कमजोर कॉइल (सिलिंडरमधल्या ठिणगीला वीज देणारा भाग) उघडी पडत नाही, आणि गॅरेजच्या दारात लोड कुठून येणार?

शोधायची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद करून निवू द्या. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, मग हळू चालवून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर स्पार्क प्लग असाच अदलाबदल करून बघा, त्यानंतर इंधन फवारणारा इंजेक्टर. आमचा पी०३०३ झाला. कॉइल बदलली आणि गाडी तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. इतका आनंद मला माथ्यावरच्या देखाव्यानंही दिला नाही.

फक्त पी०१७१ असेल, मिसिंगचा कोड नसेल, तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. स्लोवर आकडा मोठा आणि रेस वाढवल्यावर कमी होत असेल तर कुठलातरी पाइप हवा खेचतोय. लोडवर वाढत असेल तर इंधनाचा फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासा. पी०४५५ (टाकीतली इंधनाची वाफ गळतेय) आला तर आधी टाकीचं झाकण नीट आवळा.

स्वतःचा स्कॅनर, कॉइलच्या बोल्टचा पाना आणि एक जादा कॉइल डिकीत ठेवूनच घाटाला हात घाला. आम्हाला उताराला काही त्रास झाला नाही.