आपण म्हणजे कोण?

माझा मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पायदळात चोवीस वर्षं काढून निवृत्त झाला. डाव्या कानानं त्याला जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून चारचौघांत बसताना तो नेहमी भिंत डावीकडे येईल अशी जागा धरतो. ऐकू येणारा कान माणसांकडे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण त्याच्या घरी बसलो होतो. सीमेवर तणाव होता आणि टीव्हीवर दिवसभर नकाशे, नकाशांवर लाल बाण. मी तावातावानं बोलत होतो. ‘आता बास झालं. आपण एकदा आत घुसलंच पाहिजे. काय व्हायचं ते होऊ दे. आपण किती दिवस ऐकून घ्यायचं?’ दादानं रिमोट घेऊन आवाज कमी केला. मला वाटलं, माझं बोलणं ऐकू येत नसेल. पण त्याला सगळं ऐकू आलं होतं.

“आपण म्हणजे कोण रे?” त्यानं विचारलं.

सगळे हसले, मीही हसलो. तो हसला नाही. पण टोमणाही मारत नव्हता, एखाद्याचा पत्ता विचारावा तसं विचारत होता. “नाही, खरंच विचारतोय. तू? हा? मी तर आता निवृत्त. मग कोण?” मी ‘म्हणजे आपला देश’ असं काहीतरी पुटपुटलो. “बरं,” म्हणाला आणि टीव्हीचा आवाज परत वाढवला.

हे मला इतरांपेक्षा जास्त लागलं, कारण तीस वर्षं मी मुद्रितशोधन करतो. सर्वनामं तपासणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आत येतात. इंग्रजीला ही सोय नाही, तिथे एकाच शब्दात भागवतात. लेखकांच्या कितीतरी प्रतींमध्ये मी हा घोळ निस्तरला आहे. आणि त्या दिवशी मी स्वतः जे वाक्य बोललो त्यात व्याकरण अगदी शुद्ध होतं, फक्त खोटं होतं. घुसणाऱ्यांत मी नव्हतो. दादानं त्याच्या सगळ्या आठवणींमध्ये नेहमी ‘आम्ही’ म्हटलेलं आहे. ‘आम्ही तिथं अकरा रात्री होतो.’ त्यानं मला कधी त्यात ओढलं नाही.

माझ्या चष्म्याचा नंबर उणे नऊ आहे. तरुणपणी कुणी सैन्याचं विचारलं की मी चष्म्याकडे बोट दाखवायचो आणि प्रश्न मिटायचा. पण नंबर शून्य असता तरी मी गेलो नसतो. अर्ज करावा असं कधी मनातही आलं नाही. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या भरतीतून पाच वेळा सवलत घेतली होती. पुढे 1989मध्ये त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले की साठच्या दशकात त्यांचे अग्रक्रम सैनिकी सेवेपेक्षा वेगळे होते. 2003च्या इराक युद्धाचे ते मोठे पुरस्कर्ते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप हसलो होतो. दादाच्या प्रश्नानंतर लक्षात आलं की अग्रक्रम माझेही वेगळेच होते, फक्त मला कुणी विचारलं नाही.

मग पुढचे काही महिने मी उलट्या टोकाला गेलो. ज्यानं गणवेश घातला नाही त्यानं युद्धाबद्दल तोंड उघडू नये, असा नियम मी स्वतःला आणि दिसेल त्याला लावू लागलो. कुणी टेबलावर मूठ आपटली की विचारायचं, ‘तू जाणार का?’ दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणाऱ्याला गप्प करायला हा प्रश्न फार सोयीचा आहे. समोरचा गप्प होतोच. मला त्याची चटक लागली, हेही कबूल करतो.

नियमाला पहिला तडा जेनेट रँकिन यांच्यामुळे गेला. अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. 1917मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत देणाऱ्या प्रतिनिधिगृहातल्या पन्नास जणांत त्या होत्या. 8 डिसेंबर 1941 रोजी, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, युद्ध पुकारण्यावर 388 विरुद्ध 1 असं मतदान झालं, तो एक म्हणजे पुन्हा त्याच. बाई म्हणून मी युद्धावर जाऊ शकत नाही आणि दुसऱ्या कुणाला पाठवायलाही माझा नकार आहे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. माझ्या नियमात त्या बसत नव्हत्या. गणवेश नाही, म्हणजे बोलायचं नाही. मग त्यांनी ‘नको’ तरी कसं म्हणायचं?

यावर मी पळवाट काढली. ‘हो’ म्हणायला अनुभव लागतो, ‘नको’ म्हणायला लागत नाही. कारण ‘नको’ म्हटल्यानं कुणी मरत नाही.

मरतात की. एप्रिल 1994मध्ये रवांडात कत्तली सुरू झाल्या तेव्हा तिथे संयुक्त राष्ट्रांचं सुमारे अडीच हजारांचं शांतिदल होतं. त्याचा प्रमुख, कॅनडाचा जनरल रोमिओ दालेर, कुमक मागत होता. सुरक्षा परिषदेनं 21 एप्रिलला ठराव करून दल 270 माणसांवर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. कुणालाही न पाठवण्याचा तो निर्णय सुरक्षित खोल्यांत बसलेल्या माणसांनीच घेतला होता. त्यांनीही दुसऱ्यांचेच जीव हिशेबात धरले, फक्त वजाबाकी कमी दिसली.

दुसरी गोष्ट, लढून आलेला माणूस युद्धाच्या बाबतीत शहाणा असतो हे माझं गृहीतक. हिटलर पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर होता, जखमी झाला, विषारी वायूनं काही काळ दृष्टीही गेली. खंदक बघितलेला माणूस होता तो. एका उदाहरणावरून नियम मोडू नये, म्हणून मी अभ्यास काय म्हणतात ते वाचलं. पीटर फीव्हर आणि क्रिस्टोफर गेल्पी या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी 1816 ते 1992 या काळातल्या त्यांच्या देशाच्या संघर्षांची छाननी केली. सत्तेत माजी सैनिक जास्त असले की बळाचा वापर सुरू करण्याचं प्रमाण कमी होतं, पण एकदा सुरू केला की तो जास्त तीव्रतेनं होतो, असं त्यांना दिसलं. पुढे मायकेल होरोविट्झ आणि अ‍ॅलन स्टॅम यांनी अनेक देशांचे प्रमुख तपासले. संघर्ष सुरू करण्याकडे सर्वांत जास्त कल कुणाचा? ज्यांनी सैन्यात नोकरी केली पण प्रत्यक्ष लढाई पाहिली नाही, त्यांचा.

हे मी दादाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, “यासाठी अभ्यास करावा लागला त्यांना?” आणि चहा प्यायला लागला.

लोक आणखी एक उपाय सुचवतात, तो मलाही पटायचा. निर्णय घेणाऱ्यांची मुलं पहिल्या रांगेत पाठवा, युद्धं आपोआप थांबतील. ऐकायला छान आहे. पण हे घडून गेलेलं आहे. ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांचा मोठा मुलगा रेमंड पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर 1916मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मेला. त्यांच्या मंत्रिमंडळातल्या बोनर लॉ यांचे दोन मुलगे 1917मध्ये गेले. फ्रान्सचे जनरल कास्तेलनो यांचे तिघे गेले. युद्ध नोव्हेंबर 1918पर्यंत चाललं. मला वाटतं, स्वतःचा मुलगा गेला की माणसाला थांबणं उलट अवघड होत असावं. थांबायचं, तर तो कशासाठी गेला हे सांगावं लागतं.

आपल्याकडची पानिपताची बातमी आठवा. 1761च्या जानेवारीत लढाई झाली आणि नानासाहेब पेशव्यांना सावकारी चिठ्ठीतून कळलं, की दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत आम्ही ही ओळ पाठ म्हणायचो. दोन मोत्यांतलं एक नानासाहेबांचा स्वतःचा मुलगा, विश्वासराव. दुसरं त्यांचा चुलतभाऊ, सदाशिवरावभाऊ. ते स्वतःही त्याच वर्षी जूनमध्ये गेले. तेव्हा पाठवणाऱ्याला झळ लागली नाही असं म्हणता येणार नाही. मला खटकतो तो शेवटचा शब्द. खुर्दा. सुट्टी नाणी. दादासारखे लोक त्या शब्दात आहेत, आणि त्यांची गणती नाही असं चिठ्ठीच म्हणते.

या सगळ्या वाचनात ज्या माणसापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग. कारण चष्मा. त्याची नजर लहानपणापासून अधू, सैन्यात तो कधी नव्हता. सैनिकांविषयी मात्र आयुष्यभर लिहिलं, आणि 1914मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तरुणांनी भरती व्हावं म्हणून जोरात प्रचार केला. त्याचा मुलगा जॉन. बापाचेच डोळे घेऊन आलेला. नजरेपायी नौदलानं घेतलं नाही, लष्करानंही नाकारलं. तिथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. माझी तिथेच संपली. पण किपलिंगनं आपले जुने स्नेही फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि मुलाला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळालं. 27 सप्टेंबर 1915 रोजी, अठरावं सरून सहा आठवडे होत असताना, लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. बाप 1936मध्ये वारला तोपर्यंत मुलाचा देह ओळखला गेला नव्हता.

पुढचा भाग मी दोनदा वाचला. 1917पासून किपलिंग युद्धातल्या मृतांची स्मशानं उभारणाऱ्या ब्रिटिश आयोगावर काम करू लागला. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर काय कोरायचं हे त्यानं सुचवलं. ‘देवाला ठाऊक’ अशा अर्थाचे ते तीन शब्द आहेत. हजारो दगडांवर ते आजही आहेत. म्हणजे आधी त्यानं जा म्हटलं, मग मुलाला आत घुसवलं, आणि शेवटी कोरायचा मजकूर दिला. त्याला ढोंगी म्हणता येत नाही. पोटचा मुलगा दिलेल्या माणसाला ढोंगी कसं म्हणणार? पण बरोबर होता असंही मला म्हणवत नाही. जॉनच्या जागी मी असतो तर चष्मा हरवल्यावर दहा फुटांवरचा माणूस कोणत्या बाजूचा हे मला कळलं नसतं. उणे नऊवाल्यांना हे सांगावं लागत नाही.

तेव्हा ‘तू जाणार का?’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्यानं फक्त समोरचा गप्प होतो आणि विचारणाऱ्याला मोठं झाल्यासारखं वाटतं. शिवाय लोकशाहीत युद्धाचा निर्णय नागरिकांच्या हाती असायलाच हवा. तो फक्त गणवेशवाल्यांकडे सोपवणाऱ्या देशांचं काय होतं ते जगानं पाहिलं आहे. मला मत आहे, मी कर भरतो, माझ्या नावानं बंदुका घेतल्या जातात. गप्प बसणं ही पळवाटच.

मी एवढंच करतो, की वाक्य दुरुस्त करतो. जुनी सवय. ‘आपण घुसलं पाहिजे’ असं मनात आलं की सर्वनाम खोडतो आणि कर्ता लिहितो. ‘आमच्या इमारतीतला तो एकवीस वर्षांचा मुलगा, जो गेल्या वर्षी भरती झाला, त्यानं अमुक टेकडी घ्यायला जावं, कदाचित परत येऊ नये, असं मला वाटतं, कारण...’ आणि ‘कारण’च्या पुढे काय येतं ते बघतो. बहुतेक वेळा तिथे राग येतो, किंवा आदल्या रात्री टीव्हीवर ऐकलेलं काहीतरी. कधीकधी खरं कारण येतं. 1994च्या एप्रिलमध्ये रवांडाच्या राजधानीत, किगालीत, सैन्य पाठवा असं हे वाक्य मी आजही शेवटपर्यंत लिहू शकतो, कर्त्यासकट. लिहिताना बरं वाटत नाही. बरं वाटूही नये असं मला वाटतं, पण हे माझं झालं.

दादाला मी एकदा सरळ विचारलं, की माझ्यासारख्यानं यावर बोलावं का. तो म्हणाला, “बोल की. आम्हाला कुणी विचारत नाही जायचं का म्हणून. कुणीतरी आधी नीट बोललेलं असलं तर बरं.” मग उठून आतून एक कागद घेऊन आला. “हे जरा बघून दे. वेलांट्या चुकतात माझ्या.”

त्याच्या तुकडीतला एक मुलगा परत आला नव्हता. त्याच्या आईला दादा दर वर्षी पत्र लिहितो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पानभर मजकूर, ठळक सरळ अक्षर. पाऊस, स्वतःचा गुडघा, नातीची शाळा. लढाईचं अक्षर नाही. पहिली ओळ होती, ‘आपण बऱ्या आहात ना?’

‘आशिर्वाद’मधला ‘शि’ दीर्घ केला आणि कागद त्याला परत दिला.