ससे, द्राक्षबाग आणि माझी पहिली बंदूक

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या दारामागे आजोबांची ठासणीची बंदूक असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना, माकडं आणि रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि मतमोजणी आटोपली की आजोबा तिला माहेरवाशिणीसारखी परत आणायचे. मी तिला कधी हातही लावला नाही. आणि आता इथे, न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत, माझ्या स्वतःच्या नावावर रायफल आहे.

कारण एकच, ससे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी हौसेने आणून सोडले, ते डोंगरच्या डोंगर पोखरत सुटले. १९९७ मध्ये वैतागलेल्या शेतकऱ्यांनी चोरून रोगाचा विषाणू आणून पसरवला, तरी ससे उरलेच. दिसायला गोजिरवाणे, पण कोवळ्या वेलाची साल गोलाकार कुरतडली की वेल गेलाच म्हणून समजा. आणि मी ज्या बागेत काम करते तिथे कोवळेच वेल जास्त.

परवाना इथे आधी माणसाला मिळतो. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, मग घरी येऊन चौकशी. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही, ते लिहिलंत तर अर्ज तिथेच अडला. चौकशीवाले माझ्या नवऱ्याशी वेगळं बोलले. "भांडण झालं की बायको काय करते?" हा म्हणाला, "दोन दिवस बोलत नाही." मिळाला परवाना. क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ ला मशिदींत ५१ माणसं मारली गेली, त्यानंतर महिन्याभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, बंदुकांवर बंदी आली, आणि जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद सुरू झाली. त्यामुळे या चौकशीचा मला राग आला नाही.

खरा घोळ दुकानात. मी छर्ऱ्यांची बाराबोर घ्यायची ठरवून गेले होते, बंदूक म्हटलं की आपल्याला तीच आठवते. दुकानदाराने विचारलं, ससा कुठे बसतो? म्हटलं, वेलांच्या ओळीत. तो म्हणाला, मग छर्रे सशाबरोबर वेलात आणि ठिबकच्या नळीतही जातील, आणि बार ऐकून बाकीचे ससे बिळात. म्हणजे पॉइंट टू टू, बारीक गोळीची रायफल. त्यातही दहा गोळ्यांच्या मॅगझीनची सेमी-ऑटो अजून कायद्याने चालते, पण मी बोल्टवाली मागितली. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो, आणि तेवढ्यात मला विचार करायला वेळ मिळतो. इथली जमीन खडकाळ, दगडावर आपटून गोळी कुठेही उडू शकते, म्हणून टोकाला पोकळ गोळ्या, आणि आवाज कमी व्हावा म्हणून कमी वेगाच्या. वर सायलेन्सर, तो इथे सर्रास मिळतो. एवढीशी गोळी, पण चुकली तर मैलभर जाऊ शकते. सशाच्या मागे मातीचा बांध नसेल तर चाप ओढायचा नाही.

रायफल हातात देण्याआधी त्याने बोल्ट उघडून नळी रिकामी असल्याचं दाखवलं. मी घेतली आणि पुन्हा स्वतः बघितलं. "डोळे मिटून खांद्याला लाव, मग उघड," तो म्हणाला. उघडले तर रायफलवरच्या दुर्बिणीत अर्धा काळा चंद्र. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, माझ्या हातांना लांब होता, त्यामुळे डोळा दुर्बिणीपासून दूर पडत होता. आखूड दस्त्याची मागवायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात सशांनी अकरा वेल खाल्ले, पण लांब दस्त्याची रायफल घेऊन मी नेम चुकवत बसले असते.

घरी भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट आहे, गोळ्या वेगळ्या कुलपात. परवाना नसलेल्याच्या हाती किल्ली पडता कामा नये, आणि नवऱ्याकडे परवाना नाही. पहिल्यांदा मी किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली होती. त्याच रात्री त्याने खिचडी टाकली.