तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांचं दुकान

व्याख्यान संपलं, हातात चहा आला की कोणीतरी विचारतंच. "वडिलांचं भांड्यांवर नावं घालायचं दुकान सोडलंत, आणि मर्केटर-होन्डियस या जुन्या नकाशेकारांवर तासभर बोलता. हे कसं?"

सोडलं, कारण चालत नव्हतं. मशीन आलं, पुढे लोकांनी भांड्यांवर नावं घालणंच सोडलं. मुंबईत तांबाकाट्याची पागडीची जागा, अण्णांचा मोतीबिंदू. बास.

बास नाही, हे मलाही कळतं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आहेराची अकरा पितळी भांडी आली होती, अण्णा जेवायला गेले होते. पहिल्याच पातेल्यावर मी 'सौ. कमल'च्या जागी 'सौ. कमला' ठोकलं. अण्णा आले, पातेलं उजेडात फिरवलं. म्हणाले, "पत्रा जाड असता तर खरवडून मागून ठोकला असता. हा फाटेल." मग त्या जास्तीच्या कान्याचा देठ केला आणि वर कमळ काढलं. एकाच भांड्यावर कमळ विचित्र दिसलं असतं, म्हणून उरलेल्या दहांवरही काढलं, रात्री साडेदहापर्यंत, फुकट. गिऱ्हाईक खूश! अण्णा त्याला म्हणाले, "पोराची कल्पना." मी गप्प राहिलो. घरी जाताना मात्र म्हणालो, "ही लबाडी आहे." ते काही बोलले नाहीत.

पुढे वाचलं की नकाशाच्या तांब्याच्या पत्र्यावरची चूक अशीच काढत: रेघ खरवडायची, खड्डा पडला की मागून हातोडीने पत्रा वर आणायचा, घासून गुळगुळीत करायचा, पुन्हा कोरायचं. हे मी व्याख्यानात रंगवून सांगतो. अण्णांचं नाव घेत नाही.

तेव्हा मी म्हणायचो, तुलनाच चुकीची. नकाशावाला अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरतो, एका पत्र्यातून शेकडो प्रती निघतात. अण्णांचं अक्षर सुलट, आणि एकाच पातेल्यावर. हे मला आजही पटतं. पण होन्डियसने १६०४ मध्ये मर्केटरचे पत्रे विकत घेतले, १६०६ मध्ये आपले नवे नकाशे घालून ॲटलस काढला, तरी शीर्षकात मर्केटरचं नाव ठेवलं. तिथे पोचलो की माझा आवाज जरा चिरकतो. तुमच्या लक्षात आलं असेल.

पागडीचे जे पैसे आले, त्यातून मी पहिला जुना नकाशा घेतला. हो, होन्डियसचाच. पुढच्या वेळी तेही विचाराल, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.