चार बोटं प्ले

काकांची गाडी दारात वळली तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या हातांवर गेली. गाडी जेमतेम दहाच्या वेगानं सरळ येत होती, तरी हात सारखे डावीकडे-उजवीकडे चाललेले. जुनी एसयूव्ही, पुढं-मागं पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढचा एक्सल सलग, पॉवर स्टेअरिंग, बॉक्सवालं, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी दात्यांची पेटी चेसिसला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टनं बसवलेली.

"दोन वर्षं झाली," उतरता उतरता काका म्हणाले. "टाय रॉड एंड, ते चाकाकडचे सांधे, दोनदा बदलले, अलाइनमेंट तीनदा झाली. पंधरा दिवस बरं वाटतं, मग परत तेच. आता हायवेला काढायची भीती वाटते."

गाडीची भीती वाटते असं ड्रायव्हर सांगतो, तेव्हा मी आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतो. स्वतःची गाडी त्याच्या हाताला रोजची ठाऊक असते.

इंजिन चालू ठेवून स्टेअरिंगच्या रिमवर चिकटपट्टीची खूण केली आणि एका बोटानं रिम फिरवत पुढचं चाक कधी हलतं ते बघितलं. 80 मिमी. चार बोटं! चाक न हलता स्टेअरिंग जेवढं मोकळं फिरतं, तो प्ले. बॉक्सच्या जुन्या गाडीला थोडा प्ले असतोच, दुसऱ्या प्रकारच्या, रॅक-पिनियन स्टेअरिंगइतकी ती घट्ट लागत नाही. पण 20-25 मिमीच्या पुढं गेलं की मी शोधायला लागतो.

बॉनेट उघडलं आणि बॉक्सच्या झाकणावरचा, आतले दाते जवळ-लांब करणारा ॲडजस्टिंग स्क्रू बघून वाईट वाटलं. लॉक नटचे कोपरे झिजून गोल झालेले, स्क्रूच्या डोक्यातली खाच उचकटलेली. म्हणजे प्ले दिसला की हा स्क्रू आवळायचा, असं बऱ्याच वेळा झालं होतं. याचा मला मनापासून राग आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्सच्या आतल्या सेक्टरचे, म्हणजे अर्धवट दातेरी चाकाचे, दाते मधल्या भागातच जास्त झिजतात, कडेचे जवळजवळ नवे राहतात. मधला प्ले मारायला स्क्रू आवळला की कडेला वळताना दाते एकमेकांत जाम होतात. काकांच्या गाडीत तेच होतं. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक परत येत नव्हतं, ओढून आणावं लागत होतं. आणि एवढं आवळूनही मधला प्ले होताच. मग तो बॉक्सच्या आतला नव्हता.

पुढची चाकं जॅकवर उचलली. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवली, मग बारा आणि सहाच्या. बेअरिंग ठीक, चाक ज्यावर वळतं ती किंगपिन ठीक, टाय रॉड एंड नवेच. बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, ड्रॅग लिंकच्या, एका टोकाला किंचित खेळ होता, पण त्यानं 80 मिमी होत नाही.

मग चाकं परत जमिनीवर टेकवली. हे महत्त्वाचं आहे. चाक हवेत असताना त्याच्यावर भार नसतो, आणि भाराशिवाय अर्धे दोष झोपून राहतात. हेल्परला स्टेअरिंगवर बसवलं, "डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहा, थांबू नकोस" म्हटलं आणि मी खाली गेलो.

अशा वेळी वरून खाली एकेका सांध्याशी थांबायचं. अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तिथं दोष. कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली येणाऱ्या दांड्याचा, खालचा जॉइंट चांगला होता. बॉक्सवर आलो. डोळ्यांना काही दिसेना, म्हणून पंजा बॉक्सवर आणि अंगठा चेसिसवर ठेवला.

अंगठ्याखालचं चेसिस स्थिर होतं. पंजाखालचा बॉक्स सरकत होता.

बोल्ट सैल असतील म्हणून पाना लावला, तर ते घट्ट. तिथं चिखल आणि काळ्या कोटिंगचा जाड थर होता. रॉकेलनं भिजवून तारेच्या ब्रशनं घासला तेव्हा गंजाच्या तपकिरी रंगाची एक बारीक रेघ दिसली. बोल्टच्या भोकापासून निघून चेसिसच्या पत्र्यात चार सेंटिमीटर गेलेली, शेजारच्या भोकाला तशीच दुसरी. हेल्पर पोरगा डावीकडे फिरवायचा तेव्हा रेघ उघडायची, उजवीकडे फिरवला की मिटायची. टॉर्च धरून मी बराच वेळ ते बघत होतो. रेघ पूर्ण फाटली असती, तर स्टेअरिंग फिरलं असतं आणि गाडी वळली नसती.

काकांना खाली बोलावून दाखवलं. गिऱ्हाइकाला दोष डोळ्यांनी दाखवावा, असं माझं मत आहे. ते वाकून बघत राहिले. "मागच्या आठवड्यात नातवंडं होती गाडीत," एवढंच म्हणाले.

"काका, गाडी आता इथून चालवत जाणार नाही."

बॉक्स उतरवला. वेल्डिंगचं काम माझं नाही, चेसिसवर हात बसलेल्या वेल्डरला बोलावलं. बॅटरी सोडून ठेवली. त्यानं प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग रेघ ग्राइंडरनं व्ही आकारात खोलून भरली आणि वरून जाड प्लेट मारली. भोकांत नळीचे तुकडे बसवले, नाहीतर बोल्ट आवळताना पोकळ चेसिस चेपतं आणि पुन्हा तीच कथा. बोल्ट सगळे नवे, हाय टेन्साइलचे.

बॉक्स चढवल्यावर ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सखालचा हलणारा हात, जोडायच्या आधी स्क्रू पूर्ण सैल केला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळसे मोजून बरोबर मध्यावर आलो आणि तिथं किंचित जडपणा लागेल एवढाच आवळला. ड्रॅग लिंकचं टोक बदललं, नवी कॉटर पिन घातली, टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोर किती आत वळलेली आहेत ते, बघितलं. रिमवर प्ले आता 20 मिमी भरला.

टेस्टला काकाच चालवत होते, मी शेजारी. साठच्या वेगाला गाडी डुलायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन वर्षांची सवय, ते अजूनही सारखं सावरत होते. गाडी आता हाताचं लगेच ऐकत होती, म्हणून प्रत्येक सावरण्याला वळत होती.

"काका, हात सैल सोडा. नुसते ठेवा रिमवर."

त्यांनी सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली. पुढं बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

बोल्टच्या डोक्यांवरून चेसिसपर्यंत मी पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या आणि 500 किलोमीटरनंतर बोलावलं होतं. काका आले तेव्हा पुन्हा पोराला वर बसवलं, खाली जाऊन तसाच पंजा आणि अंगठा ठेवला. बॉक्स जागचा हलत नव्हता. चारही बोल्टवरच्या पांढऱ्या रेघा जुळलेल्या होत्या.