निळ्या बुचाची नळी

हृदयविकाराचा झटका आला, अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "नळ्या तर स्वच्छ आहेत." ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण छातीतली कळ खरी होती, ईसीजी बिघडलेला होता, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं. सीटी केल्यावर चोर सापडला. महाधमनीच्या आतल्या भिंतीला लोंबणारी गुठळी, डाव्या कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तनळीच्या, तोंडाशी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या जरा वरच फुटतात. तोंडावरच बूच बसलं किंवा गुठळीचा तुकडा सुटून आत गेला, तर नळी आतून कितीही चांगली असो, झटका येतोच. तिथे रक्ताला जबर वेग असतो, त्यामुळे गुठळी सहसा धरत नाही. माझी धरली.

रक्त गोठू न देणारी औषधं सुरू झाली, आधी हेपारिनचं इंजेक्शन, मग वॉरफेरिनची गोळी. पुढच्या सीटीत गुठळी विरलेली. ऑपरेशन टळलं. ही झाली सोपी बाजू. माझं डोकं फिरवलं ते "गुठळी झालीच का?" या प्रश्नाने, आणि त्याहून जास्त रक्त घेण्याच्या खिडकीने.

पहिल्या तपासण्या दवाखान्यात, हेपारिन चालू असतानाच झाल्या. रिपोर्टमध्ये अँटीथ्रॉम्बिन कमी, प्रोटीन एस कमी (दोन्ही रक्ताला जास्त गोठू न देणारी प्रथिनं), आणि गुठळ्या व्हायला मदत करणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी वाढलेल्या. रात्रभर जागून मी स्वतःला तीन आजार लावून घेतले. रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी कागद बाजूला सारला. ताजी गुठळी आणि हेपारिन यांमुळे पहिले दोन आकडे खाली येतात, ते आत्ता धरायचेच नाहीत. अँटीबॉडी मात्र किमान 12 आठवड्यांनी पुन्हा बघायची, कारण एकदा वाढून नाहीशी झालेली मोजत नाहीत.

मी नवव्या आठवड्यातच जाऊन रक्त दिलं. घाई, दुसरं काय! खिडकीवर कोणी विचारलं नाही, फॉर्मवर औषधांचा रकाना होता तो मीही कोराच सोडला. बाईंनी रिपोर्ट पाहून एकच विचारलं, "तारीख मोजता येते ना?" शिवाय मी वॉरफेरिनवर होते, आणि त्या गोळीने प्रोटीन एस आणि तसंच काम करणारं प्रोटीन सी, दोन्ही खाली जातात. पैसे गेले, रिपोर्ट रद्दी.

पुढच्या वेळी बाईंनीच वॉरफेरिन थांबवून मधल्या काळात पोटाच्या कातडीखाली घ्यायची, गुठळी रोखणारी इंजेक्शनं दिली. (हे आपल्या मनाने कुणी करू नका. गोळी परस्पर बंद केली की गुठळीला मोकळं रान.) रक्त सकाळच्या इंजेक्शनच्या आधी द्यायचं होतं. खिडकी उघडायची वेळ निघून गेली, रांग हलेना, आणि इंजेक्शनची वेळ टळत चाललेली. मी पुढे जाऊन सांगितलं तर उत्तर, "सगळ्यांनाच घाई असते, ताई." अखेर एकदाची सुई टोचली, मी धावत घरी.

दोन दिवसांनी फोन आला, नमुना नाकारला. का? निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरलीच नव्हती. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त कमी पडलं की गोठण्याचे सगळे आकडे खोटे. हे रक्त काढणाऱ्याला त्याच क्षणी दिसत होतं! मी फोनवर इतकी ओरडले की घरातले धावत आले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा नळीवरच डोळे लावून बसले. भरली खुणेपर्यंत. फॉर्मवर शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि वेळ स्वतः लिहिली. तुम्हीही लिहा, कोणी विचारायची वाट बघू नका.

प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन नॉर्मल. अँटीबॉडी पुन्हा वाढलेल्याच. म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, या अँटीबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार. ऐकून मला चक्क हायसं वाटलं, निदान नाव तरी मिळालं. वॉरफेरिन आता कायमची, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचा. ज्यांना आयएनआर तपासावा लागत नाही अशा नव्या गोळ्यांबद्दल विचारलं, तर बाई नको म्हणाल्या, या आजारात त्यांचा भरवसा कमी.

हो, राहिलंच, पहिल्या सीटीची सीडी मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर गुठळी किती लांब होती ते दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाही. माझी मिळवायला चार खेपा पडल्या. आयएनआरची नळीही निळ्या बुचाचीच असते. परवा रक्त काढणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, भरली, भरली, बघा."